हाड सहा आठवड्यांत जुळतं

नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात सैन्यभरतीची जाहिरात आली की ती आधी पोरांच्या नडग्यांना कळते. कोटमगावच्या रस्त्याला, मनमाडच्या बाजूला, अंदरसूलकडे, जिथे जिथे डांबर जरा सपाट आहे तिथे पहाटे अंधारात पोरं धावायला लागतात. गेल्या आठवड्यापर्यंत कांद्याला पाणी भरणारा मुलगा एकदम रोज आठ-दहा किलोमीटर पळू लागतो, कारण पूर्ण गुणांसाठी १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढायचे असतात. तीन-चार आठवडे उलटले की नडगीच्या आतल्या कडेला एका जागी दुखू लागतं. बोट ठेवलं तरी कळ डोक्यात जाते. आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, मेडिकलमधून आणलेली गोळी असे उपाय होतात. घरी कोणी सांगत नाही. ज्याच्यासोबत पळतो त्या मित्रालाही नाही.

तीन-चार आठवडे हा हिशेब शरीराचाच आहे. हाडावर नवा भार आला की ते स्वतःला नव्याने बांधायला घेतं, आणि बांधण्याआधी जुनं खरवडून काढतं. खरवडणं लवकर होतं, भरणं सावकाश. मधल्या काळात हाड नेहमीपेक्षा कच्चं असतं आणि आपला पठ्ठ्या नेमका त्याच काळात जोर वाढवत असतो. बारीक तडा जातो. सैन्याला हा प्रकार फार जुना. प्रशियाच्या सैन्यातला ब्राइटहाउप्ट नावाचा डॉक्टर १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांबद्दल लिहून गेला, तेव्हा क्ष-किरण माहीतही नव्हते. इस्रायलमध्ये चार्ल्स मिलग्रॉम आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये २९५ नव्या शिपायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ३१ टक्क्यांना प्रशिक्षणात असे तडे गेले होते.

उपचार साधा आहे. विश्रांती, मग बेताबेताने भार. नडगीचा साधा तडा सहा ते आठ आठवड्यांत जुळतो. मग पुढे असं का होतं की एकाच प्रकारचा तडा गेलेल्या दोन जवानांपैकी एक तीन महिन्यांत तुकडीत परततो आणि दुसरा दोन वर्षांनीही लंगडतो? दोघांची क्ष-किरण पट्टी शेजारी शेजारी धरली तर फरक दिसत नाही. माझं उत्तर असं की बरं होऊन परत कुठे जायचं, हे त्या दोघांचं वेगळं असतं. औषधापेक्षा, कधी कधी शस्त्रक्रियेपेक्षाही, पलीकडे काय वाट बघतंय याने जवानाचं बरं होणं ठरतं. हे नुसतं भावनेने म्हणत नाही. गेल्या ऐंशी वर्षांत डॉक्टरांनी याच्या भोवती बरंच खणून ठेवलंय.

आधी लपवण्याबद्दल. प्रशिक्षण केंद्रात रंगरुटाला दुखलं तर त्याने एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जायचं असतं. तिथून सूट मिळते. पण सुटीचे दिवस ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तो मागे पडतो, त्याला मागच्या बॅचमध्ये टाकतात. रिलिगेशन हा शब्द एनडीएतल्या कॅडेटपासून साध्या रंगरुटापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतो. त्यात नुसता वेळ जात नाही. ज्यांच्यासोबत रगडा खाल्ला, एकाच बरॅकमध्ये रडलो-हसलो, ती पोरं पुढे निघून जातात आणि आपण अनोळख्यांच्या रांगेत उभे राहतो. ही भीती दुखण्यापेक्षा मोठी असते. अमेरिकी पायदळातल्या एका पाहणीत सैनिकांनी आपल्या जवळपास निम्म्या दुखापती कुठे नोंदवल्याच नव्हत्या, असं आढळलं. पुढच्या नोकरीवर डाग लागेल, हे त्यांचं एक मोठं कारण होतं. येवल्याचा पोरगा आणि टेक्सासचा पोरगा या बाबतीत सख्खे भाऊ शोभतील.

नोकरीत पक्का झाल्यावर या भीतीला नाव मिळतं: कॅटेगरी. आपल्या सैन्यात प्रत्येकाची तब्येत पाच अक्षरांत मांडतात. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे एकूण शरीर आणि ई म्हणजे डोळे. सगळीकडे १ असेल तो शेप-वन. गुडघा गेला की 'ए'च्या पुढचा १ जाऊन २ किंवा ३ येतो, आणि कंसात मुदत लागते, बहुतेकदा २४ आठवड्यांची. मुदत संपली की पुन्हा वैद्यकीय बोर्ड. तेवढ्यात सुधारला नाही तर मुदत वाढते किंवा तात्पुरतीची कायमची होते. कॅटेगरी लागली की बढती, कोर्स, चांगली पोस्टिंग या सगळ्यांवर सावट येतं, आणि लंगर, स्टोअर, ऑफिस अशा कामांवर वर्णी लागते. ज्याने छातीवर बॅज लावून बंदूक चालवली त्याला कांदे-बटाट्याची नोंदवही. पहिलं अक्षर मनाचं ठेवणाऱ्याने विचारपूर्वकच ठेवलं असेल. पण एस आणि ए यांचे रकाने वेगळे आहेत, तपासणारे डॉक्टरही वेगळे. दुखणाऱ्या गुडघ्यात ही दोन्ही अक्षरं एकमेकांत किती गुंतलेली असतात, ते कागदावर उतरत नाही.

ती गुंतागुंत कशी चालते ते तोफखान्याच्या उदाहरणाने सांगतो, कारण नाशिक हा तोफखान्याचा जिल्हा. नाशिकरोडला त्याचं प्रशिक्षण केंद्र, देवळालीला तोफखान्याची शाळा. १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा सुमारे ४३ किलोचा असतो. तो उचलून, वळून, नळीत सरकवायचा, आणि हे सारं घाईत. एखाद्याच्या कमरेत उसण भरते. पहिले काही दिवस दुखणारच, ती स्नायूंची ओढ असते, बहुतेकांची आपोआप उतरते. पण याच वेळी मनात एक वाक्य घुसतं: मणका सरकला. मग वाकताना धाकधूक, गोळा उचलायची टाळाटाळ. बसून बसून पाठीचे स्नायू सैल पडतात, सैल पाठ थोड्याशा कामाने दुखते, आणि दुखलं की भीती खरी ठरते. बेल्जियम-नेदरलँड्समधले योहान व्लाएन आणि स्वीडनमधले स्टीव्हन लिंटन यांनी २००० मध्ये हे चक्र नीट मांडलं. हालचालीची भीती मोजायला १९९० च्या सुमारास प्रश्नावली तयार झाली, आणि 'आता काही खरं नाही' असा दुखण्याचा डोंगर करण्याची सवय मोजायला १९९५ मध्ये कॅनडाच्या मायकेल सलिव्हन यांनी दुसरी केली. या दोन कागदांवरचे गुण पुष्कळदा एमआरआयपेक्षा जास्त सांगून जातात.

गुडघ्याचं लिगामेंट फाटलेल्या खेळाडूंचे आकडे याला पूरक आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर आर्डर्न यांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले. शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे वळले, आधीच्या पातळीवर ६५ टक्के, आणि स्पर्धेत उतरले फक्त ५५ टक्के. गुडघा तर बऱ्याच जणांचा चांगला झालेला होता. मागे राहिलेल्यांकडून वारंवार आलेलं कारण पुन्हा लागेल या भीतीचं होतं. कबड्डीच्या मैदानावर वाढलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही.

पण भीती ही अर्धीच गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या अँझिओ किनाऱ्यावर हेन्री बीचर नावाचा अमेरिकी भूलतज्ज्ञ जखमी शिपायांना पाहत होता. कोणाचं हाड चुरलेलं, कोणाचं पोट फाटलेलं, तरी वेदनाशामक हवं का विचारल्यावर सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. ते शुद्धीवर होते, धक्क्याने बधिरही नव्हते. सुई टोचताना चुकली तर ओरडत होते. घरी परतल्यावर त्याने शस्त्रक्रिया झालेल्या साध्या नागरिकांशी तुलना केली. त्यांच्या जखमा लहान होत्या आणि औषध मागणारे कितीतरी जास्त. बीचरचा निष्कर्ष असा की शिपायासाठी ती जखम म्हणजे जिवंत घरी जाण्याचं तिकीट होतं, आणि नागरिकासाठी संकटाची सुरुवात. जखम तीच असली तरी तिचा अर्थ बदलला की दुखणं बदलतं.

याची उलटी बाजू आपल्याच जिल्ह्यात घडून गेली. देवळालीला ब्रिटिश सैनिकांची छावणी होती. मुदत संपलेल्यांना इथे ठेवून मुंबईहून जहाजाने मायदेशी पाठवत. पण सैनिकांची जहाजं हिवाळ्यातच सुटायची. एप्रिलमध्ये मुदत संपलेल्याला अख्खा उन्हाळा आणि पावसाळा तिथे काढावा लागे. काम नाही, शत्रू नाही, तारीख नाही. दारू, मारामाऱ्या, हिवताप, आणि बरेच जण मनाने ढासळत. त्या छावणीच्या नावावरून इंग्रजीत वेडसरपणाला शब्दच पडला. त्यांना इजा काहीच झालेली नव्हती. पुढे काय ते ठरलेलं नसताना नुसतं थांबायला लावलं, एवढंच. आजही मिलिटरी हॉस्पिटलच्या ऑर्थो वॉर्डात पुढच्या बोर्डाची तारीख मोजत पडलेल्या जवानाला याहून वेगळं काही होत असेल असं मला वाटत नाही.

आता मुरलीकांत पेटकर. 'चंदू चॅम्पियन' या २०२४ च्या सिनेमामुळे नाव घरोघरी गेलं, आणि त्याच सिनेमामुळे त्यांच्या गोष्टीचा एक सोपा अर्थ रूढ झाला: जिद्द असली की सगळं होतं. गोष्ट इतकी सोपी नाही. पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे, जन्म १९४४ चा. लहानपणी कुस्ती, मग सैन्याच्या बॉइज बटालियनमध्ये भरती, पुढे ईएमई म्हणजे यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या दलात, आणि बॉक्सिंग. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर हवाई हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. पाठीच्या कण्याला इजा झाली, कमरेखालचं शरीर गेलं, बराच काळ स्मृतीही हरपली. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिंपिकला ते टेबल टेनिससाठी गेले, आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक आणलं. ते भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण.

जिद्द होतीच, तिला मी कमी लेखत नाही. पण बाकीचं मोजा. जखमी होण्याआधीच ते खेळाडू होते, म्हणजे शरीराला रोज थोडं थोडं वाढवत न्यायची सवय अंगात मुरलेली. पाण्यात घालणारा डॉक्टर भेटला. प्रवासाच्या पैशांसाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची संस्था उभी राहिली. आणि मुख्य म्हणजे जगात त्या वेळी अशा स्पर्धा अस्तित्वात होत्या. त्याही सैनिकांच्याच मोडलेल्या कण्यांतून जन्मलेल्या. लुडविग गुटमन हा नाझी जर्मनीतून निसटलेला ज्यू डॉक्टर. त्याने १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात कणा मोडलेल्या शिपायांचा वॉर्ड सुरू केला. तोवर असे रुग्ण पडून पडून मरायचे. गुटमनने त्यांना कामाला लावलं, बॉल फेकायला लावलं, आणि २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्या दिवशी, १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पेटकरांना पोहून जायला एक पलीकडचा काठ आधीच कुणीतरी बांधून ठेवला होता.

खेळाडूपणाची सवय दुधारी असते हेही सांगायला हवं. ज्याची ओळख फक्त 'खेळाडू' एवढीच आहे तो जायबंदी झाला की इतरांपेक्षा जास्त खचतो, असे अभ्यास सांगतात. जवानाचंही तसंच. गावात त्याला कोणी नावाने हाक मारत नाही, 'फौजी' म्हणतात. फौज गेली की हाकच गेली. शासनाने पेटकरांना पद्मश्री दिली २०१८ मध्ये. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी १९८२ मध्ये अर्ज केला होता, तो जीवनगौरव म्हणून हाती पडला जानेवारी २०२५ मध्ये. बेचाळीस वर्षं उशीर झाला, पण ते एव्हाना पोहणं, पुण्यात टेल्कोतली नोकरी, संसार यांत उभे राहिले होते.

पलीकडचा काठ बांधायचं काम महाराष्ट्रात फार आधी सुरू झालं होतं, आणि याची आपल्यालाच फारशी जाणीव नाही. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी शिपायांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज संस्था १९१७ ची. ती खडकीला आजही चालू आहे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. कणा मोडलेल्या जवानांसाठीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र खडकीत १९७४ मध्ये आलं. तिथे चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, आणि मानेखालचं काहीच हलत नाही ते तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. २०१७ मध्ये खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर्स केंद्रात सैन्याचं पॅरालिंपिक केंद्र निघालं.

नागालँडच्या होकाटो सेमा यांचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा पाय गेला. गोळाफेक हातात आली ती २०१६ मध्ये, पुण्याच्या अवयव केंद्रात तिथल्या वरिष्ठांनी सुचवल्यावर. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिसला १४.६५ मीटर फेकून कांस्य. जखम भरायला लागले असतील काही महिने. मधली चौदा वर्षं कशाची होती याचा विचार करावा. पाय नसलेला माणूस काय करू शकतो हे सांगणारं कोणी भेटायला तेवढा काळ लागला.

अमेरिकेत इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या ३२४ सैनिकांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. पाय वाचवलेल्यांपेक्षा पाय कापलेल्यांची हालचाल बरी होती, मनावरचा आघात कमी होता आणि दमदार खेळांत ते जास्त होते. हे वाचून पाय कापून घ्या असं कोणी समजू नये. पाय वाचवलेल्यांसाठी तेव्हा चांगले आधारपट्टे नव्हते, हे संशोधकांनीच नोंदवलं आहे. तरी माझ्या मते त्यात एक गोष्ट उघड आहे. पाय गेलेल्याचा निकाल लागलेला असतो. त्याला वॉर्डात सोबती मिळतात, नवा पाय, ठरलेला कार्यक्रम. वाचवलेल्या पायाचा माणूस मात्र सतराव्या शस्त्रक्रियेच्या आशेवर अडकून असतो.

याला उपाय म्हणून नुसता व्यायाम वाढवून भागत नाही. टेक्सासच्या फोर्ट सॅम ह्यूस्टनमध्ये चार हजारांहून जास्त सैनिकांवर प्रयोग झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना पोटापाठीचे खास व्यायाम दिले, काहींना एक छोटं सत्र घेऊन फक्त समजावलं: पाठ मजबूत असते, दुखलं म्हणजे मोडलं असं नाही, हलत राहा. खास व्यायामाने कंबरदुखीत फरक पडला नाही. समजावलेल्या गटात मात्र दोन वर्षांत कंबरेसाठी दवाखाना गाठणाऱ्यांचं प्रमाण ३.३ टक्क्यांनी घटलं. आकडा लहान आहे, पण एका बोलण्याने एवढं होत असेल तर ते बोलणं व्हायला हवं. बोइंग विमान कारखान्यातल्या तीन हजारांवर कामगारांच्या १९९१ च्या अभ्यासात आणखी बोचरी गोष्ट निघाली होती: ज्यांना आपलं काम जवळपास कधीच आवडत नाही ते पाठदुखीची तक्रार अडीचपट जास्त करत होते. स्टोअरच्या नोंदवहीवर बसवलेल्या तोफचीची पाठ का उतरत नाही, याचा शोध तोफेपर्यंत न्यायची गरज नाही.

आणि मग सिक लीव्ह. जवान प्लास्टर घेऊन येवल्यात घरी येतो. आई ताट हातात देते, पाण्याचा तांब्याही उचलू देत नाही. बायको पाय उशीवर ठेवते. प्रेमच ते, पण अशी अति काळजी दुखणं वाढवते, हे वेदनेच्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकापासून दाखवलं आहे. दुखलं की लक्ष, न दुखलं की दुर्लक्ष, हे शरीर पटकन शिकतं. बाहेर ओट्यावर वेगळंच चालू असतं. परत कधी बोलावलंय? नोकरी राहते का? धाकट्याची सोयरीक चाललेली असेल तर पाहुणे आडून आडून विचारतात. याच गावात पैठणीचे विणकर खड्डामागावर दिवसच्या दिवस वाकून बसतात, त्यांच्या माना आणि कंबरा कोणत्याही जवानापेक्षा कमी दुखत नसतील. पण विणकर उठतो, चहा पितो, पुन्हा बसतो. दुखण्यासकट काम त्याचंच राहतं. जवानाला दुखण्यासकट काम करायची सोय नाही. एक तर पूर्ण फिट, नाही तर कागदावर खाली.

या कागदाची धार आता आणखी वाढली आहे. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षं नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम. सेवेमुळे अपंगत्व आलं तर १००, ७५ आणि ५० टक्क्यांच्या टप्प्यांनुसार एकरकमी ४४, २५ आणि १५ लाख, पेन्शन नाही. कायमची खालची कॅटेगरी लागलेल्या अग्निवीराला सेवेत पुढे ठेवता येणार नाही, असं हवाई दलाच्या भरतीच्या अटींत लिहिलंय. आता त्या पंचवीस टक्क्यांत यायला धडपडणाऱ्या पोराला सांगा, गुडघा सुजला तर एमआय रूमला जा. तो का जाईल? लपवलेला तडा पुढे पूर्ण मोडतो, आणि मोडल्यावर लपवता येत नाही.

अधिकाऱ्यांच्या बाजूलाही भोक आहे. खडकवासल्याच्या एनडीएसारख्या अकादमींमध्ये प्रशिक्षणात जायबंदी होऊन १९८५ पासून सुमारे ५०० कॅडेट घरी पाठवले गेले. कमिशन मिळायच्या आधी मोडले, म्हणून ते माजी सैनिक ठरत नाहीत. अपंगत्वाच्या प्रमाणात महिन्याला कमाल चाळीस हजारांपर्यंत मदत, बाकी काही नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि त्याच महिन्यात सरकारने त्यांना माजी सैनिकांची ईसीएचएस आरोग्य योजना लागू केली. विसाव्या वर्षी कणा मोडून घरी बसलेल्या मुलाला उपचार मिळणं चांगलंच. पण त्याला कोणती जागा देणार, हा प्रश्न तसाच राहतो.

जागा देता येते, हे सैन्यानेच एकदा दाखवलं आहे. मुंबईत वाढलेले इयान कार्डोझो १९७१ च्या युद्धात गुरखा पलटणीत मेजर होते. सुरुंगावर पाय पडला, आणि त्यांनी आपल्याच खुकरीने तो कापला. कृत्रिम पाय लावून परत आले तेव्हा पलटणीची कमान मिळणार नाही असं सांगण्यात आलं. त्यांनी धडधाकट अधिकाऱ्यांच्या बरोबरीने शारीरिक चाचणी दिली आणि काहींना मागे टाकलं. लष्करप्रमुख जनरल टी. एन. रैना यांनी त्यांना डोंगरात चालताना स्वतः पाहिलं, मग परवानगी मिळाली. ते पलटण आणि पुढे ब्रिगेड सांभाळणारे पहिले अपंग अधिकारी ठरले आणि मेजर जनरल होऊन निवृत्त झाले. अंदरसूलच्या शिपायाला लष्करप्रमुखांसमोर चालून दाखवायची संधी मिळत नाही. त्याची गाठ दर चोवीस आठवड्यांनी बसणाऱ्या बोर्डाशी, आणि बोर्डापुढे त्याच्या गुडघ्याचा कागद असतो.